बंदरावेल्यापासून पुढे

भुताखेतांच्या गोष्टी सांगणारा माणूस पिंजऱ्यात माझ्यासमोर उभा राहिला, तर दहा मिनिटांत मी त्याची भंबेरी उडवीन. तेव्हा आज मीच या सदरात लिहितोय हे पाहून कोर्टातले माझे स्नेही पोट धरून हसणार आहेत. हसोत बिचारे. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे घडलं ते कागदोपत्री घडलं... आणि कागदाला मी खोटं कसं म्हणू?

मी नाशिकच्या कोर्टात वकिली करतो. राहायला रविवार कारंज्याजवळ, माडीवर. घरात मी आणि माझी पत्नी मनोरमा, दोघंच. संशय घेणं हा माझा धंदा, आणि तो धंदा कोर्टातच ठेवून घरी यावं एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. दूधवाल्यापासून सासुरवाडीपर्यंत मी सगळ्यांची उलटतपासणी घेत असे.

पस्तीस सालच्या पावसाळ्यात मी एक जुनी मोटार घेतली. चालवायला गफूरभाईंनी शिकवलं. आग्रा रोडवर त्यांचं मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान आहे. दर रविवारी आम्ही चांदवडच्या घाटापर्यंत जायचो आणि मनोरमा मागे बसून डोंगर बघत असायची. अशाच एका रविवारी, कळवणच्या एका पक्षकाराचा दावा नुकताच जिंकला होता त्या खुशीत, मी बोलून गेलो, "नाताळला जोडून सहा आठवडे सिलोनला जाऊ. गाडी बोटीने कोलंबोला पाठवू आणि सबंध बेट आपलं आपण हाकत बघू."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मनोरमेने मुंबईपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. तिने माझा शब्द घट्ट धरला. कुठूनतरी सिलोनचा नकाशा पैदा केला आणि स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीशेजारी चिकटवला. शिवणाचा दोरा रस्त्यांवरून फिरवून ती मैल मोजायची. एका दिवसात किती जायचं, पेट्रोल कुठे मिळेल, कुठे मुक्काम, सगळं तिने ठरवलं. कोलंबो, अनुराधापूर, त्रिंकोमाली, कँडी, नुवारा एलिया... तिथपर्यंत तीन आठवडे. मग बंदरावेला, हंबनटोटा, मातारा, गॉल, आणि परत कोलंबो. भात करपला तरी हिचा दोरा नकाशावरच.

पंचवटीतले आमचे उपाध्ये तर म्हणाले, "वकीलसाहेब, इथून बाई लंकेला गेल्याचं एकदा ऐकिवात आहे. पण नवरा मागून गेला होता म्हणे!" मीही हसलो.

ड्रायव्हर न्यायचा नाही, हा हट्ट माझा. ड्रायव्हर म्हणजे घरात तिसरा कान! तिकडे गावोगावी रेस्ट हाउस आहेत, त्यांना इंग्रजीत पत्रं घातली की खोली राखून ठेवतात. ती पत्रं मी स्वतः टाइप केली, दोन बोटांनी. मजकूर एकच — मी आणि माझी पत्नी, दोघांसाठी एक खोली, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. प्रत्येक पत्राची कार्बन कॉपी फाइलला लावली. ही माझी जुनी खोड. पत्रं पाकिटात घालून पोस्टात टाकली मनोरमेने.

उत्तरं यायला लागली. अनुराधापूर, दोघांसाठी खोली राखली. त्रिंकोमाली, दोघांसाठी. कँडी, नुवारा एलिया, तेच. मग एका सकाळी बंदरावेल्याचं आलं.

"आपल्या पत्नीसाठी एक खोली राखून ठेवली आहे. त्या एकट्याच असून मोटार स्वतः चालवत येणार असल्याने ड्रायव्हरची सोय नको, हे आपण कळवलेच आहे. आपल्या इच्छेप्रमाणे दरीकडची खोली देत आहोत."

तिथला कारकून पेंगत असेल असं म्हणून मी ते बाजूला टाकलं. चार दिवसांनी हंबनटोट्याचं आलं. पत्नीसाठी, एकट्या, मोटार स्वतः चालवत. मग मातारा. मग गॉल. चार गावं, चार वेगळी अक्षरं, आणि मजकूर तोच. मी फाइल काढली. कार्बन कॉपी चारही जागच्या जागी होत्या आणि चारींत लख्ख लिहिलेलं होतं — दोघांसाठी.

म्हणजे पाकिटात दुसरंच काहीतरी गेलं होतं. आणि पाकिटं कुणी भरली?

मी मनोरमेला दिवाणखान्यात बोलावलं. ते आठवलं की आज माझी मलाच लाज वाटते. तिला समोर उभं केलं आणि एक एक पत्र हातात देत विचारत गेलो.

"पाकिटं कुणी भरली?"

"मी."

"इंग्रजी येतं तुला?"

"मॅट्रिक आहे मी. तुम्हाला माहीत नाही का?"

"टाइपरायटरला हात लावलास?"

"अहो, काय विचारताय तुम्ही? मला एकटीला जायचं असतं, तर तुमची खोली नुवारा एलियापर्यंत तरी कशाला मागितली असती?"

मुद्दा बिनतोड होता. पण मी वकील, बिनतोड मुद्द्याचाच मला जास्त संशय. "मोटार चालवायला कधी शिकलीस?" मी विचारलं. तिने पत्रं टेबलावर ठेवली आणि ती आत गेली. त्या दिवसापासून तिने नकाशाला हात लावला नाही.

मी तडक गफूरभाईंच्या दुकानात गेलो. ते एका लॉरीखाली आडवे होते. माझा प्रश्न ऐकून सरकत बाहेर आले.

"वकीलसाब, अल्ला कसम, बाईसाहेबांनी चाकाला हात नाय लावला. एकदा फक्त हॉर्न दाबला होता. घाटात म्हशी आडव्या आल्या तेव्हा. तुमी बी होते की गाडीत!"

"माझ्यामागे कधी इथे आली होती?"

त्यांनी हात पुसले. "साब, मी तुमाला गाडी शिकवली. आसं इचारायचं आसंल तर उद्यापासून गाडी दुसरीकडं न्या." पुढे कित्येक दिवस ते माझ्याशी सरळ बोलले नाहीत.

शेवटी, जे आधीच करायला हवं होतं ते केलं. बंदरावेल्याच्या रेस्ट हाउसला लिहिलं, काही घोटाळा झालेला दिसतो, माझं मूळ पत्र कृपा करून परत पाठवा. त्या भल्या माणसाने ते पाठवलं.

कागद माझा, वर माझंच छापील नाव. तारीख कार्बन कॉपीवर होती तीच. टायपिंग माझंच, कारण दोन शब्दांमध्ये दोनदा जागा सोडायची सवय अख्ख्या नाशकात माझ्याखेरीज कुणाला नाही. आणि खाली सही. खोट्या सह्यांचे किती खटले मी चालवले असतील! भिंग घेतलं, कागद खिडकीशी धरला, माझ्या दहा जुन्या सह्या शेजारी मांडल्या. सही माझी होती. नक्कल नव्हे, माझीच. दुसऱ्या कुणाची केस असती तर मी अशिलाला सांगितलं असतं, बाबा, कबूल कर आणि मोकळा हो.

मजकूर असा होता. "इथून पुढे माझी पत्नी एकटी प्रवास करील. ती मोटार उत्तम चालवते. तिला दरीकडची खोली द्यावी, तिला डोंगर आवडतात. तिला कसली घाई नाही, हवं तितकं राहू द्यावं. कुणी तिला ती एकटी का आहे म्हणून विचारू नये."

मी हे लिहिलेलं नाही. तेव्हाही शपथेवर सांगितलं असतं, आजही सांगतो. तिला डोंगर आवडतात हेसुद्धा मला ते वाचेपर्यंत ठाऊक नव्हतं.

नुवारा एलिया ते बंदरावेला... मधे डोंगरातला रस्ता. तिथे माझं काय होणार होतं? मी सरळ दिवाणखान्यात जाऊन सांगितलं, "सिलोन रद्द. आजच सगळीकडे कळवतो."

मनोरमेने पत्र मागितलं. दोनदा वाचलं. मग शांतपणे म्हणाली, "तुम्ही मेलात असं यात कुठे लिहिलंय?"

"मग मी कुठे आहे?"

"ते नाही लिहिलेलं. तुम्ही मला पुढे जाऊ दिलंत, एवढंच लिहिलंय." तिने पत्राची घडी घातली. "मला शिकवा ना गाडी. आपण जाऊ. बंदरावेल्यापासून पुढे तुम्ही शेजारी बसा. चाक माझ्याकडे असू दे, म्हणजे पत्रही खोटं ठरणार नाही आणि तुम्हालाही काही होणार नाही."

इतका सोपा तोडगा होता. मी नाही म्हणालो. भीतीने म्हणालो असं मी स्वतःला सांगतो, पण ते पूर्ण खरं नाही. पत्रातली ती बाई, दरीकडच्या खोलीत हवं तितकं राहणारी, कुणाला उत्तर न देणारी... मला तिचा राग आला होता.

सगळी पत्रं रद्द केली. त्या डिसेंबरात आणि जानेवारीत मला साधं पडसंही झालं नाही. पुढच्या वर्षी गाडी विकली.

याला आता तीन वर्षं झाली. टाइपरायटर तपासून घेतला, पोस्टात चौकशी केली, मुंबईच्या एका हस्ताक्षरतज्ज्ञाला सही दाखवली. तो म्हणाला, तुमचीच. झोपेत लिहिलं म्हणावं, तर एकेक अक्षर शोधत टाइप करायला मला जागेपणीच अर्धा तास लागतो, आणि कार्बन कॉपीत दुसरा मजकूर कसा उमटला? वाचकांपैकी कुणाला उलगडा होत असेल तर जरूर कळवावं. मला अजून झालेला नाही.

ते मूळ पत्र मनोरमेकडे आहे. तज्ज्ञाला दाखवून आणलं तेव्हा तिने ते मागून घेतलं आणि आपल्या लुगड्यांच्या पेटीत ठेवलं. मी म्हटलं, "पुरावा आहे तो, फाइलला लागू दे."

"नको," ती म्हणाली. "अकरा वर्षांत तुम्ही मला लिहिलेलं हे एकच चांगलं पत्र आहे. आणि तेही तुम्ही लिहिलेलं नाही म्हणता."