कुरमा घराकडून आलेला वास

आधीच सांगते, चामोर्शीच्या आमच्या घरात बुद्धवंदना होते, भूतबाधा नाही. कोणी अंगारा दिला तर बाबा तो सरळ नालीत टाकतात. त्यात मी मेडिकलची विद्यार्थिनी... त्यामुळे वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी डॉक्टर व्हायचं ठरवलं ते मावशीमुळे. बाळंतपणानंतर ती घरातच तापाने गेली. त्या खोलीतला सडका, गोडसर वास मी विसरलेले नाही. तो सगळ्यांनाच येत होता आणि सगळे नाकाला पदर लावून दारातच उभे होते.

गेल्या हिवाळ्यात एटापल्लीच्या पुढे एका गावातल्या शाळेत कॉलेजचं शिबिर होतं. बॅनरवर 'सेवा' हातभर मोठ्या अक्षरांत. म्हातारीच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायचा, फोटो काढायचा, पट्टा सोडायचा – रीडिंग घेतंय कोण! दुखणं कुठलंही असो, गोळ्या त्याच पिवळ्या. एक बॅचमेट म्हणाला, "आजीला जरा हसायला सांग ना." शिसारी आली मला.

आणि तेव्हाच तो वास आला. मावशीच्या खोलीतला. तोच.

शेजारच्या मैत्रिणीला नुसता स्पिरिटचा वास येत होता. मी मात्र तो कुठून येतोय ते बघायला उठले. बाहेर आले, तर वास गावाच्या टोकाकडून येत होता. तिथे एक बुटकी झोपडी होती. गावची आशाताई मागून धावत आली.

"म्याडम, तिकडे नोका जाऊ! थे कुरमा घर हाय."

पाळीतल्या आणि बाळंतीण बायकांना तिथे वेगळं ठेवतात. मी म्हटलं, "पण सगळ्या बाया तपासून झाल्या, असं मघाशी म्हणालात ना?"

"कुरमातली बाई शाळेत कशी येणार, म्याडम?" ती अगदी सहज म्हणाली. कुरमात कोणी आहे का, हे आमच्यातल्या कोणी विचारलंही नव्हतं.

मी वाकून आत शिरले आणि वास थांबला. एकदम. आत फक्त धूर होता. कोपऱ्यात बाळाला छातीशी धरून एक बाई कुडकुडत होती. "मले शिवू नोको बाई," एवढंच म्हणाली. हात लावला तर अंग भाजत होतं.

गायनॅकच्या सीनियर डॉक्टरांना मी ओढतच आणलं. गर्भाशयात इन्फेक्शन होतं, पण स्रावाला अजिबात वास नव्हता. त्यांनी पुन्हा पुन्हा बघितलं. "मग तुला कळलं कसं?" त्या म्हणाल्या. मी जीप बोलवायला पळाले.

तिला जीपमध्ये चढवताना दोघं बॅनर घेऊन हजर – पेशंटसोबत एक फोटो! मी बॅनर हिसकावला आणि वारा लागू नये म्हणून तिच्यावर पांघरला.

ती वाचली. मनाचे खेळ म्हणा हवं तर, पण माझ्या मनाला ती झोपडी कशी ठाऊक? मावशीचा वास सगळ्यांना आला आणि आत कोणी गेलं नाही. इथे वासच नव्हता, तरी मला आला. का, ते आजही कळलेलं नाही.

डॉक्टर झाल्यावर खेड्यात सेवा करायच्या सरकारी बॉण्डसाठी मी तोच तालुका मागणार आहे. वास पुन्हा येईल याचा भरवसा नाही... म्हणून गावात शिरल्यावर आधी कुरमा घर कुठे आहे ते विचारणार.