औषधखात्यातला हवापालट

आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो. गळतो, कारण तो एकदा दुरुस्त केला आहे. त्याआधी तो ठणठणीत होता.

हा पराक्रम माझ्या सासऱ्यांचा. मी त्यांना बाबा म्हणते, गल्ली त्यांना तरतूदकाका म्हणते. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात एकतीस वर्षं ते अंदाजपत्रकाच्या टेबलावर बसले. कुठल्या कामाला वर्षभर किती पैसे हे वरून ठरून यायचं आणि ते काम तेवढ्यातच बसवणं ही बाबांची नोकरी. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. कार्यालयाचे नियम त्यांनी त्याच्या कितीतरी आधी घरी आणले होते. घड्याळ दोन वर्षांत बंद पडलं, नियम चालू आहेत.

वर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळचा चहा झाला की बाबा चष्मा पुसतात, जाड पुठ्ठ्याची वही उघडतात आणि घराचं अंदाजपत्रक वाचून दाखवतात. मिळकत तिघांची: बाबांची पेन्शन, माझ्या नवऱ्याचा छापखान्यातला पगार आणि मी घरी शिवते त्या गाद्या-उशांच्या खोळी. खाती सात: किराणा, वीज-पाणी, दुरुस्ती, शिक्षण, प्रवास, औषध आणि किरकोळ. वाचन संपलं की बाबा विचारतात, "कुणाची काही हरकत?" हरकत घेतली तर ती नोंदवून घेतात. मान्य केल्याचं अजून कुणाच्या ऐकिवात नाही.

मग बारा महिने आम्ही काटकसर करतो. आमच्याकडे साबणाची वडी मरत नाही, झिजून झिजून नव्या वडीच्या पाठीवर बसते. टूथपेस्टची ट्यूब आधी पिळतात, मग लाटण्याने लाटतात, मग कात्रीने उभी चिरतात. बाबांची पँट म्हातारी झाली की तिची पिशवी होते, पिशवी म्हातारी झाली की फडकं, आणि फडक्याचं पुढे काय होतं ते मी विचारत नाही. दिवसा दिवा लावला तर कारण सांगावं लागतं. लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने मला वाटायचं की या घरावर काहीतरी आपत्ती कोसळलेली आहे आणि मला कुणी सांगत नाहीये.

खरी गंमत वर्षाच्या शेवटी. बाबांचे दोन नियम आहेत. एक, या खात्याचे पैसे त्या खात्याला द्यायचे नाहीत. आणि दोन, खात्यात वर्षअखेर जे उरेल ते बँकेतल्या एका पासबुकात जाणार आणि पुढच्या वर्षी त्या खात्याला तेवढंच कमी मिळणार. त्या पासबुकाला आम्ही वरचं खातं म्हणतो, कारण तिथे गेलेलं परत आल्याचं कुणी पाहिलेलं नाही. त्यामुळे अकरा महिने पोटाला चिमटा आणि शेवटच्या आठवड्यात उधळपट्टी, असं आमचं वेळापत्रक. एका वर्षी घरात काही मोडलंच नाही आणि दुरुस्तीखातं उरलं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, कपाटावरचा तो जुना रेडिओ दुरुस्त करून आणा. बाबा म्हणाले, "रेडिओ नाही." आणि प्लंबरला बोलावून चांगला नळ उघडायला लावला. प्लंबर बिचारा तीनतीनदा विचारत होता की याला झालंय काय. आता झालंय.

शिक्षणखात्याची तऱ्हा त्याहून वेगळी. नवऱ्याचं शिक्षण संपलं तसं ते खातं रिकामं बसू लागलं, म्हणून बाबांनी आईंना त्यांच्या वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मोटार शिकायला पाठवलं. आमच्याकडे मोटार नाही. आईंकडे लायसन्स आहे.

उधळपट्टीतून एकच खातं वगळलेलं: औषध. त्यात उरलं तर उरलं, मुकाट वर जायचं. त्याला गमतीखातर हात लावायची प्राज्ञा नव्हती कुणाची.

दोन वर्षांपूर्वी, वर्ष संपायला पाच आठवडे असताना मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे आईंची थोरली बहीण. घाटावरच्या एका गावात राहायच्या, बसने नऊ तास. म्हणाल्या, "मुलगा मला समुद्रापलीकडे घेऊन चाललाय. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यातलं विमान आहे. घर विकलं. या वयात मी काही परत यायची नाही, तू एकदा येऊन जा."

आईंनी फोन ठेवला आणि अर्धा तास त्या तांदूळ निवडत बसल्या. तांदूळ आधीच निवडलेले होते.

"अहो," त्या शेवटी म्हणाल्या, "ताईकडे जायला हवं."

बाबांनी वही उघडली. प्रवासखातं एका लग्नात आणि एका मयतात दुसऱ्याच महिन्यात जवळजवळ संपलं होतं. उरलं होतं ते एका बाजूच्या अर्ध्या तिकिटाइतकं.

"अर्ध्या वाटेवर उतरशील," बाबा म्हणाले. ते चिडवत नव्हते. त्यांनी खरंच हिशेब केला होता.

"वरच्या खात्यातून काढा की."

"एकदा काढले की काढतच राहतो माणूस."

"आणि ताई गेली म्हणजे?"

बाबांनी वही मिटली. ते गच्चीवर गेले आणि वाळलेले कपडे घेऊन आले. ते काम त्यांचं नव्हतं. मला त्यांचा अस्सा राग आला की त्या संध्याकाळी मी मुद्दाम तीन दिवे लावले. ते बघून गेले, बोलले काहीच नाहीत, आणि मग मला जरा भीती वाटली.

आईंनी मला रेडिओची गोष्ट सांगितली ती दुसऱ्या दिवशी, खोळींना बटणं लावता लावता. तेव्हा त्यांच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. औषधाचा म्हणून एक डबा होता आणि तो भरला होता, कारण कुणी आजारी पडत नव्हतं. आईंना गाण्यांची फार हौस. बाबांनी एके दिवशी डबा रिकामा केला आणि रेडिओ आणला. नऊ दिवस घर नुसतं वाजत होतं. दहाव्या दिवशी मुलगा तापाने फणफणला. ताप साधा नव्हता, दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा मावशी घाट उतरून आल्या, हातातल्या दोन बांगड्या विकल्या आणि पैसे भरून गेल्या. चकार शब्द बोलल्या नाहीत.

तो मुलगा म्हणजे माझा नवरा. त्याची किंमत मला अशी आयतीच कळली. हल्ली तो घोरायला लागला की मला त्या बांगड्यांची हळहळ वाटते.

"पैसे फेडले यांनी वर्षभरात," आई म्हणाल्या. "पण ताईला तोंड दाखवलं नाही. तीस वर्षं मला बसमध्ये बसवून देतात आणि स्टँडवरूनच मागे फिरतात. म्हणतात, तरतूद एकाचीच आहे."

"यंदा औषधखात्यात किती आहे?" मी विचारलं.

"सगळंच आहे. वर्षभरात कुणी शिंकलंसुद्धा नाही."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाकीचं बोलावं लागलं नाही.

आई त्या दुपारपासून आजारी पडल्या. अभिनय म्हणाल तर अगदी सुमार. बाबा घरात आले की खोकायच्या, बाहेर गेले की थांबायच्या, आणि दुखायचं कधी डोकं तर कधी गुडघा, जे आधी आठवेल ते. मी साखरेच्या पाण्यात चहाचा थेंब टाकून बाटली भरली आणि त्यांना दिवसातून तीनदा चमचा देऊ लागले. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन सगळं खरं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "खोकला मी लिहिणार नाही. पण बहिणीला न भेटता राहिल्या तर यांचं ब्लडप्रेशर वर जाईल, हे लिहिते. ते खोटं नाही." आणि त्यांनी कागदावर लिहिलं: हवापालट आवश्यक.

बाबांनी कागद उजेडाला धरून वाचला. लाल पेन्सिल काढली. समासात लिहिलं: "ठिकाण, उंची व कालावधी नमूद नाही. पूर्ततेसाठी परत."

मी पुन्हा गेले. ठिकाण आलं, उंची आली, आठ दिवस आले. बाबांचा शेरा: "सदर हवा जवळपास उपलब्ध आहे किंवा कसे, खात्री करावी." डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, जवळपास उपलब्ध नाही. पुढचा शेरा: "राहण्याचा व जेवणाचा खर्च दर्शवलेला नाही." आम्ही लिहून दिलं, नातेवाइकांकडे, विनामूल्य. यात तीन आठवडे गेले. बाबांचं म्हणणं, कागद एकदा आला की दोन दिवस टेबलावर राहायलाच हवा. टेबल म्हणजे आमचं जेवणाचं.

वर्ष संपायला बारा दिवस उरले आणि कागद चौथ्यांदा परत आला. "रुग्णाचे वय पाहता सोबत जबाबदार व्यक्ती आवश्यक आहे किंवा कसे, स्पष्ट अभिप्राय द्यावा."

आता मात्र माझं डोकं फिरलं. हा माणूस नाही म्हणत नाही, पण दिवस खाऊन संपवतोय, हे मला स्वच्छ दिसत होतं. आई तर खोकायचंही विसरल्या होत्या. खिडकीशी बसून असायच्या आणि हाक मारली की दचकायच्या. त्या खरोखरच आजारी दिसायला लागल्या होत्या. मी दवाखान्यात जाऊन कागद आपटला आणि म्हटलं, "बघा, आता माणूस मागतायत. मला शंभर खोळींची ऑर्डर आहे, नवऱ्याला रजा नाही. कोण जाणार?"

डॉक्टरीणबाईंनी चारही शेरे पहिल्यापासून वाचले. मग हसत सुटल्या.

"अगं वेडे, तुझे सासरे अर्ज फेटाळत नाहीयेत. ते तो पक्का करतायत. घरात आणखी कोण आहे रिकामं?"

आणि त्यांनी लिहिलं: "आवश्यक. शक्यतो पती."

तो कागद मी बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि तिथेच उभी राहिले. त्यांनी तो दोनदा वाचला. लाल पेन्सिल कानावरच राहिली. निळ्या पेनाने त्यांनी खाली "मंजूर" लिहिलं, सही केली आणि मला म्हणाले, "दोन तिकिटं काढून आण. खिडकीची नको, खिडकीत तिला वारा लागतो." मी वळले तशी मागून म्हणाले, "आणि त्या औषधात साखर जरा कमी घाल. या महिन्यात किराणाखातं पावशेराने वर गेलंय."

बसस्टँडवर या खेपेला मागे फिरायला बाबा नव्हते, ते आत बसले होते. इस्त्रीची पँट, हातात टिफिन, आणि चेहरा असा की दात काढायला निघालेत.

पुढचं मी पाहिलं नाही, आईंनी सांगितलं. दार मावशींनीच उघडलं. बहिणीला जवळ घेतलं आणि मग तिच्या मागे पाहिलं. बाबा पायरीखाली उभे होते, दोन्ही हातांनी टिफिन धरून. मावशींनी त्यांना बराच वेळ न्याहाळलं.

"भाऊजी, आज कुठल्या खात्यातून?"

"औषधाच्या," बाबा म्हणाले.

"मागे औषधाच्या पैशातून रेडिओ आणलात. या खेपेला बहीण आणून दिलीत. सुधारलात." आणि मग म्हणाल्या, "आत या आता. तीस वर्षं चहा गार होतोय."

बाबा आत गेले आणि खुर्चीवर बसून लहान मुलासारखे रडले, असं आई म्हणतात. बाबा म्हणतात, घाटावरची हवा डोळ्यांना झोंबते.

आठ दिवसांनी दोघं परत आली ती वर्षाच्या शेवटच्या दिवशी. आईंचा खोकला पार गेला होता आणि आवाज बसला होता, इतक्या त्या बोलून आल्या होत्या. बाबांनी आंघोळही केली नाही. वही काढून औषधखातं पुरं केलं, तिकिटं डकवली आणि तपासणीसाठी वही माझ्यापुढे सरकवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी रकाने वाचले. खर्च बरोबर. तारीख बरोबर. उपचार: हवापालट. परिणाम: आराम पडला. आणि रुग्णाचं नाव या रकान्यात आईंचं नाव नव्हतं. बाबांनी स्वतःचं लिहिलं होतं.

अशी संधी कोण सोडतं. त्यांच्या कानावरची लाल पेन्सिल काढून मी समासात लिहिलं: "कागदपत्रे एका रुग्णाची, नाव दुसऱ्याचे. खुलासा करावा." आणि वही परत सरकवली.

बाबांनी शेरा वाचला. आत आई बसक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होत्या, नळ गळत होता. बाबांनी पेनाचं टोपण काढलं, सावकाश दोन ओळी लिहिल्या, वही माझ्याकडे फिरवली आणि स्टूल घेऊन कपाटावरचा रेडिओ खाली काढायला गेले.

"नाव बरोबर आहे," त्यांनी लिहिलं होतं. "कागदपत्रे चुकीच्या रुग्णाची काढली होती."