चाटणविटा आणि धोंडीआबांचे गुडघे

साहेबांची जीप फाट्यावर वळली आणि इकडे माळाच्या डोक्यावर ठेवलेल्या माझ्या सहाच्या सहा विटा गायब! खाली पाझर तलावाच्या काठी गावची साठेक गुरं निवांत रवंथ करत बसली होती. मी वर एकटा, स्वतःलाच शिव्या घालत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. न्हावऱ्याकडच्या पट्ट्यात मी गुरांचा सरकारी डॉक्टर होतो. तिथल्या एका गावचं गायरान, म्हणजे साऱ्या गावाची चराईची जमीन, खालच्या बाजूला पार टकलं झालं होतं आणि वर गुडघाभर गवत वाळून चाललं होतं. पाणी खाली, सावली खाली, म्हणून गुरंही खालीच. गायरान पाच वर्षं बंद करून झाडं लावायचा प्रस्ताव निघाला. त्यावर जिल्ह्याच्या साहेबांचा शेरा तेवढा बाकी होता.

बागायतदारांचं काही बिघडणार नव्हतं, त्यांच्याकडे चाऱ्याला उसाचं वाढं होतं. बिघडणार होतं कलाबाईचं. तिला जमीन नव्हती. दोन गाई आणि त्यांच्या दुधावर घर. "गायरान बंद झालं म्हंजी माझी चांदरी बाजारात गेली बघा, डाक्टर," असं ती म्हणाली, तेव्हा मला फारच वाईट वाटलं. मी भरात येऊन साहेबांना सांगितलं, "आठ दिवस द्या, गुरं वर चरताना दाखवतो."

माझी भिस्त चाटणविटांवर होती. मळी, पेंड, मीठ आणि क्षार घट्ट दाबून केलेली ही वीट. जनावर ती चाटतं, वाळलेलं गवतही मग नीट पचतं. आधी गोठ्यात चटक लावायची. मग वीट पाण्यापासून लांब, चांगल्या गवतात ठेवायची. चाटायला वर गेलेलं जनावर तिथंच चरतं. पुस्तकात तरी तसं होतं. चटक तर अशी लागली, की चांदरी माझ्या शर्टाची बाहीसुद्धा सोडेना. आणि चांदरी कळपाची पुढारी. ती उठली की सगळी उठत. मग सहा विटा माथ्यावर ठेवल्या आणि मी दुसऱ्या गावांच्या फेरीत अडकलो.

विटा गायब पाहून मी धावत खाली आलो. लिंबाच्या सावलीत धोंडीआबा बसले होते. सत्तरीचे गुराखी, गावची गुरं तेच राखायचे. त्यांच्या मागं पाहिलं, तर विटांचा चुरा.

"आबा, ह्या विटा खाली कुणी आणल्या?"

"म्याच आणल्या की. रोज एकेक."

"अहो, कशाला?"

"मुकी जनावरं. येवढ्या चढाला कशाला तडफडवायची?" मग जरा थांबून गुडघ्यावर हात ठेवत म्हणाले, "आन् ती वर गेली म्हंजी मला बी जावं लागतंय न्हवं? ह्ये गुडघं बगा."

मी कपाळावर हात मारला. तोवर साहेब आलेच. पुण्याहून आलेले, इस्त्रीची पँट, चकचकीत बूट. गुरं खालीच बसलेली पाहून ते म्हणाले, "मग डॉक्टर? शेरा लिहून टाकू?"

कलाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. मी म्हटलं, "साहेब, वरचं गवत तरी बघून घ्या." स्कूटरच्या डिकीत एक वीट शिल्लक होती, तीही घेतली. अर्ध्या चढावर साहेबांनी ती हातात घेतली, हुंगली. "हे खातात?"

वारा वरून खाली वाहत होता. खाली चांदरीनं मान वर केली.

मग ती उठली. शेपूट उभं केलं आणि सुटली. मागं साठ गुरं. साहेबांनी वळून पाहिलं आणि पळायला लागले. खाली गुरं, म्हणून वर.

"साहेब, वीट टाका!" मी ओरडलो. छे! वीट छातीशी धरून साहेब चढ चढत होते. एक बूट मागं राहिला. कलाबाई खालून टाळ्या वाजवत ओरडत होती, "पळा सायेब, पळा! आनखी वर!" मला हसू आवरेना, पळताही येईना.

माथ्यावर साहेबांनी वीट दगडावर ठेवली आणि पलीकडे बसकण मारली. चांदरी चाटायला लागली. बाकीच्यांची पाळी येईना. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, माना खाली घातल्या आणि चरायला लागली. सगळी! मी नाचायचाच बाकी होतो.

"टाकली का नाही, साहेब?"

"सरकारी माल आहे. टाकू कसा?" साहेब धापा टाकत म्हणाले. मग तेही हसायला लागले.

सगळ्यात शेवटी धोंडीआबा काठी टेकत पोचले. "आयला," ते म्हणाले, "येवढं गवात हाय व्हय हितं!"

साहेबांनी एका पायात बूट घालून शेरा लिहिला: गायरान बंद करू नये, खालची बाजू तेवढी काट्यांच्या कुंपणानं राखावी, विटा वरच ठेवाव्यात. मी त्यात एक भर घातली. वर आबांसाठी पाचटाचं छप्पर उभारलं. कलाबाई तिथं रोज किटलीनं चहा पोचवायला लागली. त्यानंतर एकही वीट खाली आली नाही, आणि चांदरी कलाबाईच्याच दावणीला म्हातारी झाली.

गुरं कुठं चरतात ते पाणी, सावली आणि चढ यांवर ठरतं, असं माझ्या पुस्तकात छापलंय. त्याखाली मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: गुराख्याचे गुडघे आधी तपासावेत.