चौथी पास बाईची सही

"बाई, ही सही चालणार नाही म्हणजे नाही!"

"का? वाकडी आहे? तुमच्या भांगापेक्षा सरळ आहे!"

"सहीचा प्रश्न नाही हो. फॉर्मवर छापलंय, ट्रेनिंग देणारा डिप्लोमाधारक पाहिजे. तुमचं शिक्षण काय?"

"मराठी चौथी. पुढं?"

"पुढं काय, बाई? पुढं काहीच नाही! तोच तर प्रॉब्लेम आहे!"

गोव्यातल्या डिचोलीत माझ्या वर्कशॉपच्या दारात हे चाललं होतं आणि रस्त्यावरची माणसं सायकली थांबवून ऐकत होती. सर पॉलिटेक्निकचे. आमच्या दोघांच्या मध्ये प्रमिला उभी. पेडण्याकडच्या इब्रामपूरच्या शेतकऱ्याची मुलगी. सहा आठवडे तिने माझ्याकडे इनप्लांट ट्रेनिंग केलेलं, आणि आज शेवटचा दिवस. फॉर्म पास झाला नाही तर सहा आठवडे गेले, आणि त्यांच्याबरोबर वर्षही गेलं. बापाने आधीच बजावलेलं, "एक वर्ष जरी फुकट गेलं तर पुस्तकं बांधून घरी बसायचं."

भांडण मिटवलं शेवटी प्रमिलानेच. पण ते शेवटी. वर्कशॉपात भंगार साठतं, ते निदान भंगारवाला येऊन उचलून नेतो. किस्से कोण नेणार? ते साठतच जातात, आणि माझ्याकडे कोणी दोन मिनिटं टेकलं की मी ते बाहेर काढते. तुम्ही टेकलाय, तर ऐका.

* * *

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण लोक माझ्याबद्दल मोघम बोलतात ते मला खपत नाही. वर्कशॉप माझ्या नवऱ्याने काढलं. तो गेला तेव्हा गिऱ्हाइकं म्हणाली, "वयनी, आता शेड भाड्याने द्या." मी शेड दिली नाही, वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला. शिकवायला कोणी नव्हतं. दोन पेट्या रॉड जाळले, एक नवं लुगडं जाळलं, आणि शिकले. ड्रॉइंग वाचायला शिकले ती पाळी गावच्या खाणीवर चहाचे डाग पडले म्हणून फेकून दिलेल्या कागदांवरून.

प्रमिलाला घेऊन सर चार कारखाने फिरले होते. सगळीकडे एकच उत्तर, "मुलगी? नको बुवा!" पाचवी मी. मी म्हटलं, "पाठवा." तेव्हा सरांनी माझं शिक्षण विचारलं नाही!

* * *

माझ्याकडे माणसं दोन. तुकाराम कोल्हापूरकडचा, फिटर. बसाप्पा बेळगावकडचा, वेल्डर. पहिल्या दिवशी प्रमिला दारात येऊन उभी राहिली.

तुकाराम म्हणाला, "आक्का आत हाईत. बसा."

"बसूक नाय आयलंय. माका काम शिकूक जाय."

तुकारामला काय कळलं देव जाणे. त्याने खांद्यावरच्या टॉवेलने खुर्ची पुसली आणि तिला दिली. बसाप्पाने चहा मागवला. मी आतून बघतेय! इतकी वर्षं मी त्या शेडमध्ये उभी आहे, मला एकाने कधी खुर्ची दिली नाही!

दुसऱ्या दिवशी परत खुर्ची, परत चहा. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी प्रमिलाने ती लोखंडी खुर्ची उलटी केली, पायाला गेलेली चीर बोटाने तपासली आणि तुकारामला विचारलं, "ही वेल्ड करायला कुठल्या टेबलावर घेऊ?"

त्यानंतर त्या शेडमध्ये कोणी कोणाला खुर्ची दिलेली नाही.

* * *

आमच्याकडे एक रीत आहे. नव्या माणसाने लावलेला जोड दुसऱ्या कोणी तपासायचा नाही. मोठा हातोडा त्याच्याच हातात द्यायचा आणि म्हणायचं, "तोड." स्वतःचा जोड स्वतः तोडला की माणूस उगाच फुशारत नाही.

प्रमिलाचा पहिला जोड बघून बसाप्पा म्हणाला, "याच्यावरनं कोंबडी चालत गेली काय?"

एका घावात दोन तुकडे. दुसऱ्या दिवशी दोन घाव. आठवडाभर ती सकाळी जोडायची आणि दुपारी तोडायची. बसाप्पा रोज कोंबडीची चौकशी करायचा. ती दात-ओठ खाऊन पुन्हा रॉड लावायची.

मग एके दिवशी घावावर घाव, घावावर घाव, आणि काडकन आवाज झाला. प्रमिला रडवेली होऊन आत आली. "मावशे, हातोडो मोडलो गो!"

मी बाहेर जाऊन पाहिलं. दांडा दोन ठिकाणी चिरलेला, जोड जसाच्या तसा. तुकाराम तोपर्यंत पदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, धावला होता. गरम उंडे, बटाट्याची पातळ भाजी, आणि सगळ्यांच्या आधी पहिला उंडा प्रमिलाला. बसाप्पाने आपल्या वाटणीची भाजी तिच्या ताटलीत ओतली आणि म्हणाला, "आज कोंबडीला सुट्टी!"

* * *

सर पहिल्यांदा तपासायला आले ते सेफ्टीवर लेक्चर द्यायला. "बाई, विद्यार्थिनीच्या डोळ्यांची काळजी घ्या. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघणं किती घातक!"

मी म्हटलं, "सर, मागे बसाप्पाचं काम चालू आहे. काळी काच घ्या, नाहीतर तोंड इकडे करा."

"माझं लक्ष आहे," सर म्हणाले, आणि लक्ष होतं ते नेमकं तिकडंच! अर्धा तास सेफ्टी समजावत होते आणि अर्धा तास ठिणगीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आले ते काळा चष्मा लावून, बायकोचा हात धरून. डॉक्टरने थेंब दिले होते, पण कोणीतरी सांगितलेलं की वर्कशॉपवाल्यांकडे याचं घरगुती औषध असतं. असतंच! आमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी ते लावून झोपलाय.

मी म्हटलं, "डॉक्टरचे थेंब घालाच. आणि बटाट्याचे काप करून डोळ्यांवर ठेवा, गार वाटेल."

सरांनी विचारलं, "कच्चे की उकडलेले?"

त्यांची बायको माझ्या आधी बोलली. "अहो, डोळे दुखतायत, भूक नाही लागलेली!"

फार चांगली बाई. अजून भेटली की हसते.

* * *

गोवा तेव्हा नुकतंच घटक राज्य झालं होतं. बाजारात मराठी की कोकणी म्हणून लोक चहाचे पेले आपटत होते. माझ्या शेडमध्ये तुकाराम कोल्हापुरी बोलायचा, बसाप्पा निम्मं कानडी, प्रमिला पेडण्याचं, आणि मी ओरडायचे ते सगळ्यांना कळायचं. भानगड झाली ती इंग्रजीची! प्रमिलाची ट्रेनिंग डायरी इंग्रजीत लिहायची होती आणि खाली रोज माझी सही.

मी सांगितलं, "मला वाचता येत नाही त्याच्यावर मी सही करत नाही. खाणवाल्यांच्या कागदावरही केली नाही."

पोरीने युक्ती काढली. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर मराठी. सर दुसऱ्या भेटीला आले आणि डायरी चाळू लागले. डावं पान झटकन उलटायचे, उजवं वाचत बसायचे. मध्येच त्यांचे खांदे हलायला लागले. मी डोकावून पाहिलं. डावीकडे इंग्रजीत एकच ओळ. विचारलं तर सर म्हणाले, "लिहिलंय, पट्टी कापण्याचे निरीक्षण केले."

उजवीकडे मराठीत होतं, "आज बसाप्पांनी पट्टी चुकीची कापली. मग पट्टीच्या आईला, ती बनवणाऱ्या कारखान्याला आणि शेवटी तुकाराममामांना शिव्या दिल्या. पट्टी तशीच आखूड राहिली."

सरांनी पान उलटलं. पुढं कोरं. "पुढं काय झालं?" त्यांनी घाईने विचारलं.

* * *

त्या शिव्यांवरून तुकाराम आणि बसाप्पाचा अबोला झाला. काम एकत्र, बोलणं बंद. निरोप प्रमिलामार्फत. "प्रमिलाताई, त्याला सांगा अँगल धर." अँगल मधोमध, दोघं दोन टोकांना, आणि प्रमिला निरोप देतेय!

तेव्हा पाळीच्या खाणीला पाण्याची मोठी लोखंडी टाकी द्यायची होती. तुकाराम आत उतरून कोपरे घासत होता. बाहेर बसाप्पाने वरचं झाकण ठेवलं आणि वेल्डिंगचे चार टाके मारून जागेवर बसवलं. तुकाराम आत आहे हे सांगणार कोण? अबोला!

थोड्या वेळाने टाकीतून ठकठक. मग जोरात ठकठक. बसाप्पा विडी ओढत बसून राहिला. प्रमिला धावत गेली आणि नळाच्या भोकाला कान लावला.

आतून आवाज आला, "प्रमिलाताई, त्याला सांगा, मी आत हाय."

बसाप्पा जागचा न हलता म्हणाला, "त्याला सांग, मला म्हाईत हाय!"

मी छिन्नी घेतली, चार टाके तोडले, तुकारामला बाहेर काढलं आणि दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला. पन्नाशीचे बापे! प्रमिला म्हणाली, "मावशे, ह्या डायरीत लिवू?" मी म्हटलं, "उजव्या पानावर लिही."

* * *

सरांची तिसरी भेट. इब्रामपूरला एका घराच्या गेटचं माप घ्यायचं होतं. प्रमिलाचंच गाव, म्हणून सरही जीपमधून आले. तुकाराम म्हणाला, "सर, जरा टेपचं टोक धरता काय?"

आता आमच्या टेपचं टोक कधीचंच तुटलेलं. त्यामुळं आमच्याकडे टेप टोकाला धरतच नाहीत, दहा सेंटीमीटरवर धरतात, आणि वाचलेल्या आकड्यातून दहा वजा करतात. सगळ्यांच्या हाताला ती सवय. पण त्या दिवशी प्रमिलाने सर येणार म्हणून नवी टेप आणली होती! सरांनी नवी टेप बरोबर शून्यावर धरली. तुकारामने आकडा वाचला आणि सवयीने दहा वजा केले.

गेट बसवायला गेलो तर रुंदीला दहा सेंटीमीटर अपुरं. घरमालक कमरेवर हात ठेवून म्हणाला, "गेट सुंदर असा. आता घर बारीक करूचा काय?"

सर बघायला आलेलेच, ते घाबरले. "अहो, मी शून्यावरच धरली होती! अगदी शून्यावर!"

तुकाराम कळवळून म्हणाला, "तिथंच तर चुकलं की वो, सर!"

प्रमिला मात्र गेटपाशी उकिडवी बसली, खडूने फरशीवर काहीतरी काढलं, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटरची वेलबुट्टीची पट्टी जोडून दिली. तिचा बाप बांधावर उभा राहून सगळं बघत होता, आणि शेवटी त्या पट्टीवरून दोनदा हात फिरवून गेला. पुढच्याच आठवड्यात शेजारी आला, "माका पण अशीच वेलबुट्टी जाय!"

* * *

आणि आता तो शेवटचा दिवस. सर फॉर्म धरून दारात, मी सही करून समोर.

"सर, सहा आठवड्यांपूर्वी तुम्हाला फॉर्म वाचता येत नव्हता?"

"बाई, नियम मी केलेला नाही!"

"मग मोडताना तुमचं काय जातं?"

"माझी नोकरी जाते!"

"आणि हिचं वर्ष गेलं तर?"

सरांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. वाईट माणूस नव्हता तो, नियमाला भिणारा होता. म्हणाले, "एखाद्या डिप्लोमावाल्याच्या देखरेखीखाली काम झालं असतं तर मी डोळे मिटून पास केलं असतं. तुमच्याकडे डिप्लोमावाला आहे कोण?"

तुकारामने बसाप्पाकडे पाहिलं. बसाप्पाने तुकारामकडे पाहिलं. अबोला कधीच संपला होता, पण बोलणार काय?

मी म्हटलं, "डिप्लोमावाले इथं एकच येतात. येतात, डोळे भाजून घेतात, दुसऱ्याची डायरी वाचून हसतात आणि टेप शून्यावर धरतात."

"बाई, तोंड सांभाळून! मी तपासनीस आहे!"

"सहा आठवड्यांत इतक्यांदा आलात, आज परत. एकदा तरी काम तपासलंत का, तुम्हीच सांगा!"

रस्त्यावरचे सायकलवाले हसले. सर लाल झाले. त्यांनी फॉर्मची घडी घातली आणि पिशवीत टाकली. मी पिशवीचा बंद धरला. ते ओढतायत, मी ओढतेय, आणि ह्या वयात माझ्या मनगटात किती जोर आहे ते सरांना पहिल्यांदाच कळत होतं.

प्रमिलाने हातमोजे काढले, नीट जोडून टेबलावर ठेवले, आणि शांतपणे सरांसमोर येऊन उभी राहिली. सरांनी तिथल्या तिथं पिशवीतून फॉर्म काढला, पेनचं टोपण दातांनी उपटलं, आणि माझ्या सहीखाली 'देखरेख' असं लिहून स्वतःची डिप्लोमावाली सही ठोकली. तिने फक्त एवढंच म्हटलं होतं:

"सर, वर्ष गेलं तर जाऊ दे, पुढच्या वर्षी ट्रेनिंगला मी परत इथंच येणार, आणि तपासायला पुन्हा तुम्हालाच यावं लागणार!"