बाबांना मिळालेला एक स्टार

परवाच्या शुक्रवारची गोष्ट. माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षात अडकलेले आणि मोबाईलवर जुन्या कॅमेऱ्यांचा ऑनलाइन लिलाव बघत बसलेले... हा माझा नवा नाद. नवी लेन्स परवडत नाही आणि जुन्या लेन्सवरून नजर हटत नाही.

स्क्रोल करता करता एका फोटोपाशी थांबले. जुना, रोलचा कॅमेरा आणि त्याला हिरवा, मोरांच्या नक्षीचा पट्टा. असा पट्टा जगात कुठलीच कंपनी बनवत नाही. तो आईने तिच्या विरलेल्या साडीचा काठ कापून शिवलाय, कारण चामड्याच्या पट्ट्याने बाबांच्या मानेला पुरळ यायचं.

माझ्या बाबांचा कॅमेरा. लिलावात!

खालचं वर्णनही त्यांचंच. "बटणाजवळ एक ओरखडा आहे. लेन्सला बुरशी नाही. वापरणारा एकच. रविवारी सकाळी डोंबिवलीत घरी येऊन, नीट पाहून न्यावा." विकायला काढलेल्या वस्तूचा ओरखडा सगळ्यात आधी सांगणारा माणूस अख्ख्या डोंबिवलीत एकच असणार.

एमआयडीसीतली नोकरी सांभाळून बाबांनी कॉलनीतली निम्मी बारशी आणि मुंजी याच कॅमेऱ्याने टिपल्यात. तो विकायची वेळ का यावी? पैशांची अडचण? की तब्येतीचं काही लपवतायत?... आईला फोन लावला तर म्हणाली, "काही नाही गं, मोबाईल घेऊन बसलेले असतात. मी जवळ गेले की पालथा ठेवतात."

आता तुम्ही म्हणाल, बाबांनाच विचारायचं ना सरळ. आमच्या घरात तसं होत नाही. एखाद्याने काही लपवलं की बाकीच्यांनी आपल्याला ते कळलंच नाही असं वागायचं, ही आमची पद्धत. आणि काही मागणं तर त्याहून अवघड. तो कॅमेरा मला लहानपणापासून हवा होता, पण हे मी कुणाला कधी बोललेच नव्हते.

म्हणून ठरवलं, गुपचूप बोली लावायची आणि जिंकायचं. लिलाव संपतच आलेला. मी बोली लावली, कुणीतरी वर गेलं. मी पुन्हा वाढवली, तो पुन्हा वर. हाताला इतका घाम की स्क्रीनवर बोट लागेना. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "मॅडम, सब ठीक है ना?"

आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. मोबाईल हलवून बघितला, खिडकीबाहेर धरला... परत आलं तेव्हा स्क्रीनवर 'लिलाव संपला' एवढंच होतं. कॅमेरा दुसऱ्याच कुणाचा तरी झालेला. मी रिक्षात चक्क रडले.

रविवारी सकाळी 'सहज आले' म्हणत डोंबिवलीला पोचले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. टेबलावर स्वच्छ नॅपकिन आणि त्यावर कॅमेरा. मला बघून ओशाळलेच. "एक गृहस्थ यायचेत," एवढंच म्हणाले. मीही नेहमीसारखं 'बरं' म्हटलं आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

गृहस्थ आले. कल्याणचा तिशीतला मुलगा, कामाला पक्का. त्याने टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशी शोधली, कानाशी धरून शटर वाजवून बघितलं. मग म्हणाला, "एकदम मस्त आहे अंकल. फक्त हा पट्टा काढा ना, माझ्याकडे लेदरचा आहे."

बाबा पट्ट्याची कडी सोडवायला लागले. सुटेना. तेव्हा मला दिसलं, त्यांची बोटं थरथरत होती... आधी कधी दिसलं नव्हतं.

"हल्ली हात हलतो," बाबा त्या मुलाला सांगत होते. मला नाही, त्याला. "सगळे फोटो हललेले येतात. घरात पडून बुरशी लागण्यापेक्षा कुणीतरी वापरावा."

कुणीतरी!

"बाबा, मला हवाय." आवाज इतका मोठा निघाला की आई हातात झारा घेऊन बाहेर आली.

"तुला?" बाबा माझ्याकडे बघतच राहिले.

"मला. पहिल्यापासून."

तो मुलगा वैतागला. "असं नाही चालत हां अंकल. बोली मी जिंकलोय. एवढा कल्याणवरून आलोय मी." त्याचं अगदी बरोबर होतं. आणि बाबा म्हणजे नोकरीत एकही लेट मार्क नसलेला माणूस, दिलेला शब्द मोडणं त्यांच्या रक्तातच नाही. मी मान खाली घालून आत जायला निघाले.

मागून बाबांचा आवाज आला. "चूक माझी आहे. घरात विचारायच्या आधी मी बाहेर विचारलं. या मुलीने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही, आज मागतेय. मला शब्द मोडावा लागेल. माफ करा." आणि त्यांनी त्या एवढ्याशा मुलापुढे चक्क हात जोडले.

"मी रेटिंग देणार मग," तो म्हणाला.

"द्या. खरं असेल तेच द्या."

आईने त्याला पोहे खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. त्याने ते रागारागाने खाल्ले, दोनदा घेऊन.

संध्याकाळी रेटिंग आलं. एक स्टार. 'शब्द पाळत नाहीत. पोहे चांगले.' बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे पुसता येतं का गं?" मी नाही म्हटलं. "राहू दे मग," म्हणाले आणि मला रोल भरायला शिकवायला बसले. बोटं माझी, सूचना त्यांच्या.

नावावर साधा शेराही नसलेल्या माझ्या बाबांना आता एक स्टार आहे. त्यांनी माझ्यासाठी आजवर घेतलेली ही सगळ्यात महाग वस्तू.