झिऱ्याला लावलेली पहार

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेच्या उत्तरपत्रिका सोडल्या तर मोठं असं काही मी लिहिलेलं नाही. त्यात जे सांगायचं आहे ते माझ्याच चुकीबद्दल आहे, आणि चुकलेल्यानं गप्प राहावं असं आमच्याकडे मानतात. तरी लिहायला बसलो, त्याबद्दल माफी असावी.

जव्हारला वसतिगृहात असताना मी तिथल्या एका डोंगर फिरणाऱ्या मंडळात जाऊ लागलो. पंधरा-वीस माणसं. दर रविवारी कुठेतरी चढायचं, वाटेवरच्या दगडांवर चुन्याचे बाण काढायचे, शिरपामाळावर लोकांनी टाकलेल्या बाटल्या पोत्यांत भरायच्या, पावसाच्या तोंडावर बिया टोचायच्या. मंडळ चालवणारे सर एका शाळेत शिकवत. माणूस मनापासूनचा होता, हे आधीच सांगतो.

गुरांमागे फिरून मला ज्या वाटा माहीत होत्या, त्या मंडळाला नवीन होत्या. एकदा धुक्यातून मी सगळ्यांना नीट खाली आणलं, तेव्हा सर म्हणाले, "आपल्यात खरा जाणकार हाच." मला काही येतं असं त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं. मग मी न विचारताच सांगत सुटलो. त्यातच आमच्या पाड्याच्या झिऱ्याबद्दल बोललो.

आमचा पाडा मोखाड्याच्या बाजूला, डोंगराच्या खांद्यावर. सात घरं, नाचणी आणि थोडा भात. वरच्या अंगाला उंबराच्या मुळाशी कातळात एक चीर आहे, तिथून पाणी झिरपतं आणि खालच्या खळग्यात साठतं. तोच झिरा. होळीनंतर धार बारीक व्हायची. बाया पाळीनं बसून वाटीनं हंडा भरायच्या. एका हंड्याला अर्धा तास लागायचा, पण वैशाखातही झिरा कधी आटला नाही.

सर म्हणाले, "चीर थोडी मोकळी केली आणि पुढे टाकी बांधली, तर बायांचा वेळ वाचेल." मला ते इतकं पटलं की मीच दिवस ठरवला.

होळीनंतरच्या रविवारी मंडळ पाड्यावर आलं. फावडी, सिमेंटची पोती, दोन पहारी. झिऱ्याशेजारचं पहिलं घर माझ्या आत्याचं; तिला पाड्यातच दिलेली. नवरा नाही, मुलगा रस्त्याकडच्या वस्तीत राहतो. गुडघे गेल्यामुळे उतारावरून पाणी आणणं तिला जमत नाही. ती झिऱ्याच्या भरवशावरच तिथे राहिली होती. पहारी पाहून ती दारातून उठून आली.

"लोखंड कोणी आणलं रं?"

आमच्याकडे झिऱ्याला लोखंड लावत नाहीत. गाळ काढायचा तो हातानं, नाहीतर लाकडी फळीनं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"आत्या, जरा चीर रुंद करायची आहे. पाणी वाढेल."

"बूट आलं पायात, आता डोंगर तुला इचारून पाणी देल. माझ्या सासऱ्यानं नाय लावलं लोखंड, त्याच्या बापानं नाय लावलं. ते काय खुळे होते?"

मंडळातला एक दुकानदार हसून म्हणाला, "आजी, आम्ही पाणी वाढवायला आलोय, पळवायला नाही."

"पळवणारा सांगून येतो कं?" आत्या म्हणाली. दोघीतिघी बाया पदराआड हसल्या.

सरांनी मला बाजूला घेतलं. "त्यांची काही अडचण आहे का? असेल तर थांबू. घाई नाही."

ते थांबले असते. आजही मला तसंच वाटतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि आमची माणसं अडाणी दिसतील याची मला लाज वाटली. मी म्हणालो, "नाही सर. जुनी माणसं आहेत. बोलतात तसं."

पहिली पहार मीच घातली. पाचव्या-सहाव्या घावाला कातळाचा एक ढलपा सुटला आणि मनगटाएवढी धार आली. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. आत्यानंही हंडा आणून लावला. तो बघता बघता भरला.

पंधरा दिवसांनी नवी टाकी कोरडी पडली. कातळ आतून कुठेतरी फुटला होता, आणि पाणी खालच्या खाली निघून दूर ओहोळात झिरपू लागलं होतं. तिथून पाड्यावर यायला पाऊण तासाचा चढ. सर दोनदा येऊन गेले. चिखलानं, मग सिमेंटनं चीर बुजवून पाहिली. दुसऱ्यांदा ते टाकीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "एक पावसाळा जाऊ दे. कदाचित गाळ बसून आतली फट बुजेल." पुढच्या रविवारी मंडळ दुसऱ्या डोंगरावर गेलं. मी गेलो नाही.

तो सगळा उन्हाळा माझी आई ओहोळावरून आणून आत्याला रोज एक हंडा देत होती. आत्या मला कधी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

पावसात झिरा वाहिला. पण पावसात आमच्या डोंगरात कुठूनही पाणी वाहतं. खरं काय ते दिवाळीनंतरच कळणार होतं, आणि तोवर मी पुढच्या शिक्षणाला नाशिकला आलो होतो. दर फोनला आईला विचारायचो, "झिऱ्याला पाणी हाय?" ती म्हणायची, "हाय थोडं. तू जेवलास कं?" मी ते धरून राहिलो. थोडं म्हणजे पूर्वीसारखंच, असं स्वतःला समजावत राहिलो. रात्री पुस्तक उघडून बसलो की डोळ्यांपुढे ती चीर यायची.

परवा शेवटचा पेपर झाला. संध्याकाळी आईचा फोन आला. आधी पेपर कसा गेला ते विचारलं. मग म्हणाली, "दिवाळीपासूनच पाणी नाय पोरा. तुझी परीक्षा होती म्हणून बोलले नाय. आत्याच्या घराची कौलं काल उतरवली. पोरानं टेम्पो आणला होता. खाली नेली तिला."