खिडकीकडे तोंड केलेला सोफा

पिंपरी पेंढारला हिराबाईच्या हॉलात पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस दारातच घुटमळतो. त्याला वाटतं, आपण अवेळी आलो, घरात साफसफाई चाललीय आणि सामान अजून जागेवर लागायचंय. कारण समोरच्या भिंतीवर चांगला ऐसपैस टीव्ही आहे, त्याखाली काचेचं शोकेस आहे, आणि सोफा मात्र टीव्हीकडे पाठ करून खिडकीपुढे मांडलाय. खिडकीतून दिसतं काय, तर शेताचा एक तुकडा, पलीकडे ऊस, आणि उसाच्या वरून कल्याण-नगर रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकांचे टप. पाहुण्यानं विचारलंच तर हिराबाई "बसा, बसा" म्हणते आणि पाणी आणायला आत जाते. गोष्ट सांगण्यासारखी आहे, पण ती उभ्या उभ्या सांगून होत नाही.

हिरा मेंढपाळाची लेक. माहेर पारनेरकडचं, असं लग्नपत्रिकेत छापलं होतं. खरं माहेर म्हणजे चालता वाडा. वाडा म्हटल्यावर कुणी लगेच दगडी चौक आणि नक्षीचे खांब डोळ्यांपुढे आणू नयेत. मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि माणसं मिळून एका रानातून दुसऱ्या रानात हिंडतात, त्याला हे लोक वाडा म्हणतात. दिवाळी झाली की वाडा माळशेज घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचा. हिरा चालायला शिकली ती याच रस्त्यावर. दादाभाऊशी लग्न झालं आणि तिचे पाय थांबले. दादाभाऊच्या घरातही एके काळी मेंढरं होती, पण त्याच्या बापानं ती विकून विहीर खोदली. दादाभाऊला मेंढीपेक्षा टोमॅटोची जास्त पारख.

वाडा पुढे हिराचा थोरला भाऊ सावळाराम यानं चालवला. घाटाकडे जाताना पिंपरी पेंढार वाटेवरच लागतं, त्यामुळे दर दिवाळीला त्याचा मुक्काम दादाभाऊच्या रानात ठरलेला. मेंढरं रानात बसायची, रानाला खत मिळायचं, आणि हिराची भाऊबीज व्हायची. ती ताट घेऊन रानात जायची, बाभळीखाली भावाला ओवाळायची, तिथंच भाकरी खायची आणि अंधाराच्या आत परत यायची.

यात वाईट काहीच नव्हतं. वाईट होती ती साळुबाई. साळुबाई म्हणजे हिराची थोरली जाऊ, शेजारच्याच घरातली. तिचे दोन भाऊ चाकणहून गाडी घेऊन यायचे, बूट दाराशी काढून पंख्याखाली बसायचे, आणि जाताना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा हॉर्न वाजवायचे. मग साळुबाई कुंपणाशी येऊन म्हणायची, "हिरे, तुजा भाऊ काय घरात येत न्हाई बाई. पावण्याला असं रानात ववाळत्यात व्हय?"

"आमच्या घरात बसायला जागा कुठंय, आक्का?" हिरा म्हणायची.

ते खरंच होतं. पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत चूल, दुसरीत अंथरुणं आणि अर्ध्यात कांदा. पण लोकांची माहेरची माणसं येऊन घरात बसतात, आपलं माहेर मात्र उंबऱ्याच्या बाहेरूनच निघून जातं, हे तिच्या मनाला लागलं ते लागलंच. टोमॅटोचे लागोपाठ दोन हंगाम साधले आणि दादाभाऊनं नवं घर बांधायचं ठरवलं, तेव्हा हिरानं साळुबाईच्या तोंडावर सांगून टाकलं, "सैपाकघर बारकं झालं तरी चालंल. पण माजा आण्णा बसंल असा हॉल पायजे." आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

आळेफाट्याच्या फर्निचरच्या दुकानात ती दादाभाऊला घेऊन गेली आणि प्रत्येक सोफ्यावर बसून पाहिलं. दादाभाऊला पांढरट सोफा आवडला होता. हिरानं डाळिंबाच्या सालीच्या रंगाचा घेतला, कारण त्यावर मळ दिसत नाही. तिच्या डोळ्यांपुढे भावाचं धोतर होतं. काचेचा टीपॉय आला, पडदे आले, प्लॅस्टिकची फुलं आली. बिरोबाच्या तसबिरीला नवी फ्रेम झाली. मुलगा ऋतिक, त्यानं छताला रंग बदलणारे दिवे लावले, ते चालू केले की खोलीत लग्नाचा मांडव घातल्यासारखं वाटायचं. सामान लावायला दुकानाचा माणूस टेम्पोबरोबर आला होता. "सोफा खिडकीखाली, टीव्ही समोर. सगळीकडं असंच असतंय," असं म्हणून त्यानं लावून दिलं आणि गेला. सगळीकडे असंच असतं म्हटल्यावर हिराचं समाधान झालं.

सोफ्याचं प्लॅस्टिक मात्र तिनं काढू दिलं नाही. वास्तुशांतीला आलेली माणसं खुर्च्यांवर बसली. दादाभाऊ स्वतःच्या घरात फरशीवर मांडी घालून बातम्या बघू लागला. "पयला मान आण्णाचा," एवढंच तिचं म्हणणं, आणि दादाभाऊनं वाद घातला नाही. बायकोशी कुठं वाद घालायचा नसतो, हे त्याला बरं कळतं.

भाऊबीजेच्या सकाळी वाडा आला. खिडकीपुढच्या, बाजरी काढलेल्या रानातच मेंढरं पसरली. आधी सावळारामची बायको रतनबाई येऊन घर बघून गेली. सोफ्यावरून हात फिरवत म्हणाली, "वन्सं, मऊ हाय ओ लई." बसली मात्र नाही. "मी मेंढरांपाशी थांबती, तुमच्या आण्णाला लावून देती," म्हणून परत गेली.

सावळाराम आला तो अंघोळ करून, नवं धोतर आणि नवा पटका घालून. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. नळाखाली पाय धुतले, परत बघितले, परत धुतले. "या पावणं, आत या," दादाभाऊनं हाक दिली. साळुबाई आधीच येऊन दाराशी खुर्ची धरून बसली होती. हिरानं सगळ्यांदेखत प्लॅस्टिक टराटरा फाडलं. सावळारामनं सोफ्यावर घोंगडी अंथरली आणि कडेला टेकला, काठी गुडघ्यांमध्ये धरून. ऋतिकनं मामासाठी टीव्ही लावला, दिवेही लावले. हिरानं ट्रेमधून चहा आणला आणि ओवाळणीचं ताट करायला आत गेली. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते झालं होतं. निरांजनात तिनं तूप जरा जास्तच घातलं.

बाहेर एक मेंढी ओरडली. सावळाराम उठला, पडदा सारून मागं बघितलं, बसला. चहाचा घोट घेतला. परत ओरडा झाला, परत उठला. टीव्हीवर कुणीतरी हिंदीत रडत होतं, त्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. मान सारखी खांद्यावरून मागं. साळुबाईनं तोंडाला पदर लावला. तिसऱ्यांदा उठला तो बसलाच नाही. "लई झाक केलंय ओ दाजी घर. येतो मी," म्हणाला, घोंगडी उचलली आणि बाहेर पडला.

हिरा ताट घेऊन आली तर सोफा रिकामा, कपात अर्धा चहा. साळुबाई म्हणाली, "त्यांना सवय नसती गं अशी." बोलणं दयेचं होतं, म्हणून जास्त झोंबलं. हिरानं ताट टीपॉयवर आदळलं आणि अनवाणीच अंगणात धावली.

"आण्णा! माज्या घरात बसायची लाज वाटती का तुला?"

सावळाराम थांबला. "लाज कशाची येडे? चांगलं घर हाय."

"मग उठलास का? साळुआक्काफुडं माजं नाक कापलंस."

तो ओशाळला. काठीनं जमीन टोकरत म्हणाला, "हिरे, तितं बसल्यावर मेंढरं पाठीला येत्यात गं."

"वयनी हाय की मेंढरांपाशी."

"हाय. पण मला दिसत न्हाई ना. उसात बिबट्या हाय म्हनत्यात. परवा आळ्याच्या शिवारात दिसाढवळ्या कोकरू नेलंय."

हिरानं मेंढरांकडे बघितलं. तिला आठवलं. ती लहान असताना वाड्यात सगळे भाकरी खायचे ते मेंढरांकडे तोंड करून. कुणी तसं सांगायचं नाही, जसं भाकरी तोंडानं खा असं कुणी सांगत नाही. एकदा ती खडे खेळत पाठ करून बसली होती आणि लांडग्यानं कोकरू उचललं. बापानं मारलं नाही. फक्त दोन्ही खांद्यांना धरून तिला मेंढरांकडे वळवलं आणि निघून गेला. त्यानंतर तिनं कधी मेंढरांकडे पाठ केली नव्हती. आणि आता तिनं भावासाठी म्हणून बसायची जागा केली, रंग निवडला, प्लॅस्टिक राखलं, आणि त्याला बसवलं ते पाठ करून! दुकानाचा माणूस म्हणाला आणि तिनं मान डोलावली. तिला भावाचा राग आला होता, तो सगळा स्वतःवर उलटला.

"जाऊ नको. हितंच थांब," ती म्हणाली आणि आत आली. "ऋतिक, त्या टोकाला धर."

"काय झालं?"

"सोफा फिरवायचाय."

"अगं, टीवीला पाठ व्हईल की," दादाभाऊ म्हणाला.

"व्हऊ द्या. टीवीला काय कोन उचलून नेत न्हाई."

सोफा जड होता. फरशीवर घासत, टीपॉयला धक्के देत तो फिरला. मागं ऋतिकचे हरवलेले इयरफोन सापडले. हिरानं पडदे गुंडाळून त्यांना कपड्यांचे चिमटे लावले आणि दारातून हाक मारली, "आण्णा, ये आता!"

सावळाराम आला. फिरवलेला सोफा त्यानं बघितला, खिडकी बघितली, आणि बसला. या वेळी कडेला नाही, पार मागं टेकून. समोर त्याची मेंढरं पसरलेली, पलीकडे रतनबाईचं हिरवं लुगडं. काठी त्यानं आपणहून सोफ्याला उभी करून ठेवली.

हिरा ताट घेऊन पुढं आली आणि अडखळली. उभं राहून ओवाळावं तर खिडकी झाकते. मग तिनं गुडघे टेकले, जवळजवळ फरशीवर बसली, आणि खालूनच ताट फिरवलं. तिच्या डोक्यावरून सावळाराम मेंढरं बघत होता. ती टिळा लावताना त्यानं क्षणभर तिच्याकडे बघितलं, तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "आईनं बघायला पायजे व्हतं गं," एवढंच तो म्हणाला.

जेवण तिथंच टीपॉयवर झालं. जेवल्यावर त्याच्या पापण्या जड व्हायला लागल्या. वाडा रात्रभर चालत आला होता. तो डोकं झाडायचा आणि पुन्हा खिडकीकडे बघायचा.

हिरा सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. "डोळा लाव जरा, आण्णा. मी बघती."

"तू बघती?" त्यानं तिच्याकडे नीट बघितलं, जसं वाड्यात पाळी बदलताना बघतात. "उसाच्या कडंला बघ. काळी मेंढी लई भटकी हाय."

"दिसली मला."

तो पाय न उचलता, बसल्या जागीच झोपला. तोंड उघडं, पटका तिरका. ऋतिकनं दिवे बंद केले, टीव्ही बंद केला.

साळुबाई अजून दाराशीच होती. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाली, "झोपलं व्हय पावणं?"

"हूं," हिरा म्हणाली. मान वळवली नाही.

साळुबाई उठली. तिचे भाऊ संध्याकाळी यायचे होते, घरी कामं पडली होती. तिनं आपली खुर्ची उचलली, आवाज न करता सोफ्याशेजारी आणून खिडकीकडे तोंड करून ठेवली, आणि बसली.

"काळी कुठली गं?" तिनं विचारलं.